भुरी म्हैस, कार्ड दहावे

फौजेत तिसगावचं नाव काढलं ते रतनबाईच्या भुरी म्हशीनं. ती स्वतः फौजेत गेली नव्हती. तिला ओढ्यापर्यंत न्यायचं म्हटलं तरी दोन माणसं लागत, एक ओढायला आणि एक मागून विनवण्या करायला. पण सन चव्वेचाळीसच्या दिवाळीत, पार पूर्वेच्या सरहद्दीवर, चाळीस जवान रोज सकाळी तोंड धुण्याआधी एकमेकांना विचारत होते, "भुरीचं काय झालं?"

हे सगळं हमिदामुळं झालं. ती बारा वर्षांची होती आणि तिला फक्त सातवीची फायनल परीक्षा द्यायची होती.

गावातली शाळा चौथीला संपायची. पुढचं शिक्षण पाथर्डीला, आणि मुलीला रोज पाथर्डीला पाठवायचं तर सोबतीला बापालाही पाचवीत बसवावं लागलं असतं. हमिदाचे अब्बा गनीभाई पिंजारी होते. दिवसभर धनुकलीची तार छेडून कापूस पिंजायचा आणि गाद्या भरायच्या, यातून त्यांना पाचवीसाठी सवड नव्हती. म्हणून हमिदा आणि तिची मैत्रीण मनकर्णा पुष्पाबाईंच्या पडवीत शिकत. पुष्पाबाई नगरला राहून फायनल झालेल्या. त्यांचे यजमान सूर्यभानराव गावचे पोस्टमास्तर आणि पोस्टही त्याच पडवीत. म्हणजे एका कोपऱ्यात सरकार, दुसऱ्या कोपऱ्यात व्याकरण, आणि मधोमध पाहुण्यांसाठी नवी गादी. गादीला बरोबर मध्यावर खड्डा होता. सूर्यभानराव म्हणत, चांगल्या कापसाला पडतोच. गादी गनीभाईंनीच भरलेली, पण ते या विषयावर काही बोलत नसत.

पुष्पाबाईंकडं पुस्तकं तीन, आणि त्यांतल्या एकाची पहिली चाळीस पानं उंदरांनी आधीच संपवलेली. तेव्हा बाईंनी दुसरा मार्ग काढला. पोस्टात पत्र लिहून घ्यायला लोक यायचेच. ते काम त्यांनी वर्गाकडं सोपवलं.

"गाईवर निबंध लिहून पाठवणार कोणाला? गाईला?" बाई म्हणाल्या. "पत्र लिहा. पत्राला वाचणारा असतो. त्याला सगळं डोळ्यांनी दिसलं पाहिजे आणि पुढं काय, असं वाटलं पाहिजे. आणि खोटं एक अक्षर लिहायचं नाही. खोटं लिहिलंत, तर मी शुद्धलेखनसुद्धा तपासणार नाही."

मग सांगणाऱ्याच्या तोंडची वाक्यं फळ्यावर जायची आणि मनकर्णा त्यांतले कर्ते शोधायची. रतनबाईच्या वाक्यांत तिला फार शोधावं लागत नसे. कर्ता म्हैस. कधीमधी फौजेतला मुलगा गोरक्ष, पण तो बहुधा कर्म.

गनीभाईंनी परीक्षेला होकार दिला होता, पण एका अटीवर.

"फारमावर आंगठा देईन," ते म्हणाले होते. "पन तू लोकांच्या घरातल्या गोष्टी लिवायला बसलीस. गावातनं एक तक्रार आली, एकच, तर पाटी बंद. मग तू आन धनुकली."

हमिदानं धनुकलीकडं पाहिलं. ती तिच्याहून हातभर उंच होती. तक्रार येऊ द्यायची नाही, एवढं तिनं तिथंच ठरवलं.

आणि पुढच्याच आठवड्यात रतनबाई आली.

"लिही हमिदे. गोरक्षला अनेक आशीर्वाद. हिकडं समदं ठीक. भुरी बाजारात सुटली हुती, सांजच्याला घावली. काळजी करू नको. झालं."

"एवढंच, मावशी?"

"मंग काय म्हशीची कुंडली मांडू? तूच लिही काय लिवायचं ते." रतनबाई गेली.

त्या आठवड्यात बाईंनी वर्णन शिकवलं होतं. हमिदानं कार्ड घेतलं आणि बाजार लिहिला. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज लिहिला, गुळाच्या ढेपेवरच्या माशा लिहिल्या, भुरीच्या कपाळावरचा पांढरा ठिपका लिहिला, भुरीनं खुंट्याकडं कसं पाहिलं तेही लिहिलं. अक्षर बारीक करत करत ती तळाशी पोहोचली. "तेवढ्यात भुरीनं मान झटकली, खुंटा उपटून आला आणि" इथं कार्ड संपलं. बाहेर पेट्रोलच्या टंचाईमुळं कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार टपाल घ्यायला उभी राहून खोकत होती. हमिदानं कडेला आडवं लिहिलं, 'बाकी पुढल्या कार्डात', आणि सूर्यभानरावांनी शिक्का मारला. ते काहीही समोर आलं की शिक्का मारत. एकदा त्यांनी भाकरीला मारला होता.

दुसऱ्या कार्डात खुंटा भुरीच्या मागून फरफटत बाजाराच्या मधल्या गल्लीपर्यंत गेला. तिसऱ्यात ती गल्ली संपली नाही.

पुष्पाबाईंनी तिसरं कार्ड तपासताना चष्मा काढला. "हमिदा, यात खोटं किती आहे?"

"एक अक्षर नाही, बाई. सगळं विचारून लिहिलंय. फक्त हळू सांगतेय."

बाईंनी चष्मा परत लावला आणि एक अनुस्वार दिला. पण कार्ड ठेवताना त्यांनी विचारलंच, "गल्लीच्या टोकाला कोण होतं ग?"

चौथं कार्ड जायच्या आत गोरक्षचं उत्तर आलं. गोरक्ष वर्षातून दोनदा लिहायचा, म्हणजे त्याच्या बराकीतला नाईक लिहायचा, आणि मजकूर ठरलेला: मी खुशाल, तुमची खुशाली कळवणे. या वेळी पाकीट होतं. हमिदानं पडवीत मोठ्यानं वाचलं.

"आई, भुरीचं काय झालं ते लवकर कळव. इथं सगळे विचारतात. नाईक जेवायला बसत नाहीत. एक पंजाबी जवान आहे, त्याला भाषा कळत नाही, पण तो म्हणतो म्हैस दुकानात शिरणार. दोन तुकड्यांत पैज लागली आहे. मी तुझी आठवण काढतो. खुंटा कोणत्या लाकडाचा होता?"

हमिदानं पत्र तोंडापुढं धरलं. आता मावशी विचारणार, म्हैस सापडल्याचं लिवलं न्हाईस का? मग तक्रार. मग धनुकली.

रतनबाईनं पदरानं डोळे पुसले. "आठवण काढतो म्हनला? वाच, पुन्यांदा वाच." चारदा वाचून घेतल्यावर ती म्हणाली, "दोन वरीस झाली, पोरानं आईला येक गोष्ट इचारली न्हाई. आता बग, खुंट्याचं लाकूड इचारतोय! बाभळीचा हुता म्हनावं. आन हे बग, म्हैस घावली हे येवढ्यात सांगू नको. त्याचं पत्र थांबंल."

मग काय विचारता! आठवड्याला दोन-दोन पत्रं यायला लागली. हमिदा आणि मनकर्णा पाटी घेऊन बाजारभर साक्षीदार शोधत फिरू लागल्या. भिमाजी न्हाव्यानं सांगितलं की भुरी त्याच्या आरशासमोर थांबली, स्वतःला बघत राहिली, आणि अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक तसंच पळालं ते पुढल्या बाजारी उरलेली करायला आलं. हे कार्ड पाच. कांदेवाली चांगुणा म्हणाली, "माज्या ढिगात तोंड घातलं आन शिंकली. अगदी माणसावानी." कार्ड आठ आणि नऊ, कारण शिंक एका कार्डात मावली नाही. ज्यांच्या समोरून म्हैस गेली नव्हती ते खट्टू झाले. एकजण तर म्हणाला, मी त्या दिवशी गावात नव्हतो, पण गरज असेल तर म्हशीला माझ्या दारावरनं पुन्हा एकदा न्या, माझी हरकत नाही.

पुष्पाबाई आता कार्ड तपासायच्या आधी भाकरी तव्यावरून उतरवून ठेवत. मागच्या दोन करपल्या होत्या.

अडचण एकच होती. दुपारी तीनला भुरी कांद्यात शिंकली. पाचला रतनबाईला ती गनीभाईंच्या पिंजायच्या खोलीमागं लिंबाला बांधलेली सापडली, आणि तिच्या डाव्या शिंगावर कापूस होता. मधले दोन तास कोणालाच ठाऊक नव्हते. हमिदानं तीनदा विचारलं.

"अब्बा, त्या दिशी भुरी आपल्याकडं आली हुती?"

"मी कापूस बगतो. म्हशी न्हाई." आणि धनुकली एवढ्या जोरात वाजू लागली की प्रश्न ऐकू जाणं बंद झालं.

फॉर्म धाडायची शेवटची तारीख एका शनिवारी होती. त्या दिवशी चारच्या मोटारीनं तो गेलाच पाहिजे होता. अंगठा अजून व्हायचा होता. हमिदा सकाळपासून फॉर्म मांडीवर घेऊन बसली होती, आणि दुपारी दीडला गावात लष्करी जीप आली.

तिसगावात जीप आधी कोणी जवळून पाहिली नव्हती. ती पोस्टासमोर थांबेपर्यंत अर्धा गाव तिच्यामागं धावत आला होता आणि उरलेला अर्धा पुढं. आतून मिशीवाले एक सुभेदार उतरले. काखेत पत्रांच्या नकलांची जाड फाईल. जवानांची पत्रं तपासणाऱ्या कचेरीतून आलो, असं त्यांनी सांगितलं. सूर्यभानरावांनी त्यांना मानानं गादीवर बसवलं. सुभेदार मधल्या खड्ड्यात एकदम खाली गेले, आणि त्यांचा रुबाब तिथून पुढं वीतभर कमी दिसू लागला.

"ही पत्रं कोणी लिहिली?"

हमिदा उभी राहिली. हातातला फॉर्म तिनं पाठीमागं धरला.

सुभेदारांनी तिच्याकडं पाहिलं, मग फाईलकडं, मग पुन्हा तिच्याकडं. "भुरी कोण?"

"म्हैस."

"ते आम्हालाही वाचता येतं. पण ती आहे कोण?" त्यांनी फाईल उघडली. "कार्ड चार. 'भुरी पश्चिमेकडं वळली. तिला अडवायला कोणी पुढं आलं नाही.' पश्चिमेला काय आहे? कोण अडवणार होतं? कार्ड आठ. 'कांद्याचा ढीग तीन हात उंच.' कांदा म्हणजे काय?"

"कांदा म्हंजी कांदा!" गर्दीतून चांगुणा ओरडली. "देऊ का शेरभर? डोळ्यांत पानी आलं की पटंल."

"नऊ कार्डं झाली आणि एक म्हैस एक गल्ली ओलांडत नाही! असं पत्र जन्मात कोणी पाहिलंय? ही सांकेतिक भाषा आहे, असा कचेरीला संशय आहे."

पडवीच्या दारात गनीभाई उभे होते. केसांत, भुवयांत, दाढीत कापूस. धावत आले असावेत. हमिदानं त्यांच्याकडं पाहिलं आणि तिला कळलं, गावातली एक तक्रार चुकवता चुकवता तिच्यावर थेट सरकारची तक्रार आली होती.

"ओ सायेब," रतनबाई पुढं झाली. "माजा लेक सा म्हैन्यांतनं येकदा लिवायचा. आता आठवड्याला दोन पत्रं येत्यात. ह्या पोरीला काई बोललात, तर म्हैस आनून तुमच्या मोटारीत बशिवते."

"आणाच," सुभेदार म्हणाले. "मला म्हैस बघायची आहे."

मग असा सोहळा झाला की लग्नातली मिरवणूक त्यापुढं फिकी. दोन माणसांनी ओढत आणि विनवत भुरीला आणलं. सुभेदार फाईल घेऊन तिच्याभोवती फिरले. "कपाळावर ठिपका. बरोबर. डाव्या शिंगाचं टोक तुटकं. बरोबर. आरशात बघते..." ते थांबले. "हे मात्र मी मानत नाही."

भुरी जीपजवळून जात होती. जीपच्या बाजूला छोटा गोल आरसा होता. ती थांबली. तिनं मान तिरकी केली. मग दुसऱ्या बाजूनं तिरकी केली.

"लिवा!" भिमाजी न्हावी उड्या मारत ओरडला. "लिवा, लिवा! मी खोटं बोलत न्हाई!"

गावानं टाळ्या पिटल्या. सुभेदारांनी लिहिलं. परत येऊन ते सवयीनं खड्ड्यातच बसले, आणि एकेक कार्ड हमिदाकडून मोठ्यानं वाचून घेत साक्षीदार तपासू लागले. ऐकता ऐकता गर्दी पुढं सरकली. गावानं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी खुंटा उपटला तेव्हा दोन बायका किंचाळल्या. नववं कार्ड संपलं. "...भुरीनं कांद्यातून तोंड वर काढलं, नाक फेंदारलं, उजवीकडं पाहिलं आणि".

"मंग?" कोणीतरी म्हणालं. हमिदानं वर पाहिलं. ते अब्बा होते. त्यांनी घाईघाईनं दाढीतला कापूस काढायला घेतला.

"तेच मीही विचारतो," सुभेदार म्हणाले. "तीन ते पाच म्हैस कुठं होती? दोन तासांचा हिशेब नाही. तो मिळाला नाही तर अहवाल पुरा होत नाही. अहवाल पुरा झाला नाही तर इथली पत्रं बंद आणि लिहिणाऱ्यांची नावं नगरच्या पोलिसांकडं. बोल मुली. कुठं होती?"

सोपं होतं. ओढ्यात बसली होती, एवढं म्हटलं की झालं. म्हशी ओढ्यात बसतात. कोण तपासणार होतं? दोन तास ओढ्यात, अहवाल पुरा, जीप परत, चारची मोटार, फॉर्म. मनकर्णा डोळ्यांनी खुणावत होती, सांग ना, काहीही सांग. पुष्पाबाई काहीच खुणावत नव्हत्या. त्या नुसत्या उभ्या होत्या.

"माहीत नाही," हमिदा म्हणाली. "ज्याला माहीत आहे तो सांगत नाही. आणि मला खोटं लिहिता येत नाही."

बाईंनी श्वास सोडला. रस्त्याच्या टोकाकडून चारच्या मोटारीचा खोकला ऐकू येऊ लागला.

"बसली हुती," गनीभाई म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"माज्या खोलीत. मी हात धुवायला गेल्तो. परत येऊन बगतो तर ही आत, डोळे मिटून, रवंथ करत. नव्या गादीवर. ढकललं, न्हाई हलली. भाकर दावली, खाल्ली आन परत डोळे मिटले. हात जोडले. शेवटाला म्हनलं, धनुकली वाजवून भेडवावी, तर बाई आनखीच गाढ झोपली. पाचाला आपल्या मनानं उठली. मी लिंबाला बांदली. कुनाला बोललो न्हाई, लोक म्हनतील गनीभाई म्हशी बसलेल्या गाद्या इकतो. ती गादी उसवून दोनदा नव्यानं पिंजली, सायेब, अल्लाशप्पथ. पन खड्डा जात न्हाई."

"कोणती गादी?" सुभेदारांनी पेन्सिल टेकवत विचारलं.

गनीभाईंनी सुभेदार बसले होते तिकडं पाहिलं. मग गावानं पाहिलं. मग सुभेदारांनी खाली पाहिलं, आणि सरकारी इतमामात, अगदी हळू, उभे राहिले.

"चांगल्या कापसाला..." सूर्यभानराव म्हणायला लागले आणि थांबले.

"तरीच!" पुष्पाबाई म्हणाल्या. "अहो, मी म्हणत होते ना, हा खड्डा माणसाचा नाही!"

गाव एवढं हसलं की भुरीनं आरशातून मान काढून पाहिलं. सुभेदारांनी फाईलवर शेवटची ओळ लिहिली आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवली: "तपासाअंती म्हैस ही म्हैसच आहे." मग फाईल मिटून ते हमिदाकडं वाकले. "दहावं कार्ड कधी? आमच्या साहेबांनी रजा पुढं ढकललीय. मी त्यांना शेवट सांगणार नाही. वचन."

मोटार दारात आली. हमिदानं पाठीमागचा फॉर्म पुढं केला. तो घामानं मऊ झाला होता.

"तक्रार आली," अब्बा म्हणाले.

"व्हय."

"पन ती तुज्यावर न्हाई. माज्यावर आली. मास्तर, तुमी गादीची तक्रार करनार न्हाई का?"

"करणार म्हणजे! लेखी करणार!"

"मंग धनुकली तुमीच धरा, अब्बा," हमिदा म्हणाली.

गनीभाईंनी सूर्यभानरावांच्या शिक्क्याच्या शाईत अंगठा बुडवला. "मूठभर कापूस पिंजून खोली भरायला मला अख्खा दिस लागतो," ते म्हणाले. "तू येक म्हैस पिंजून पलटन भरलीस. आनखी काय शिकायचं ऱ्हायलं ते जाऊन बग." आणि त्यांनी अंगठा असा दाबला की तो फॉर्मच्या मागच्या बाजूलाही उमटला. वर सूर्यभानरावांनी शिक्का मारला. ते मारणारच होते.

ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. हमिदानं उभ्याउभ्याच कार्ड घेतलं आणि मनकर्णाच्या पाठीवर ठेवून लिहायला लागली. पिंजायची खोली लिहिली. दारातून येणाऱ्या तिरप्या उन्हात तरंगणारा कापूस लिहिला. कोपऱ्यात पसरलेली, शुभ्र, फुगलेली, अजून कोणी न बसलेली गादी लिहिली. दारात पडलेली मोठी सावली लिहिली.

"वाच," अब्बा म्हणाले.

तिनं वाचलं. "'अब्बा हात धुऊन परत आले. त्यांनी दार ढकललं. आत पाहिलं आणि'."

"आन? म्या काय काय सोसलं ते कुठाय?"

हमिदानं कार्ड फिरवून दाखवलं. जागा उरली नव्हती. तिनं कडेला आडवं लिहिलं, 'बाकी पुढल्या कार्डात', कार्ड आणि फॉर्म टपालाच्या पिशवीत टाकले, आणि मोटार खोकत खोकत निघाली. गनीभाई थोडा वेळ मोटारीमागं चालत गेले.